परवानाधारकाच्या हाताखाली

मी अकरावीत होते त्या वर्षी माझ्या वडिलांनी सात महिने बाजारात भाजीच्या गोणी उचलल्या. त्याआधी अण्णा मुलुंडच्या चार सोसायट्यांमध्ये पंखे, नळ, गिझर, कड्या, बिजागऱ्या, जे बिघडेल ते दुरुस्त करायचे. आई दोन घरची भांडी घासायची ती त्या वर्षी पाच घरची घासू लागली. घाटकोपरच्या टेकडीवर आमची एक खोली. अण्णा गोणी उचलून आले की भिंतीला पाठ लावून बसायचे आणि मी पुस्तक समोर धरून वाचतेय असं दाखवायची.

अण्णांचा गुन्हा सांगते. मुलुंडच्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर घरमालकांनी गिझरचा प्लग स्वयंपाकघरातल्या साध्या सॉकेटमध्ये घातला. घरमालक स्वतः इंजिनियर, त्यामुळे कुणाला विचारायची गरज पडली नाही. सॉकेट जळालं, भिंत काळी झाली. दोन दिवसांपूर्वी अण्णा त्याच घरात बेसिनची गळती काढून गेले होते. सेक्रेटरींनी रजिस्टर उघडलं, शेवटचं नाव अण्णांचं होतं, तपास संपला.

"लायसन दाखवा," सेक्रेटरी म्हणाले.

"साहेब, मी शेठच्या हाताखाली काम करतो. लायसन त्यांचं आहे."

शेठना फोन लागला. सगळ्यांना ऐकू येईल असा. शेठ म्हणाले, "कोण? नाही बुवा. असा कुणी माणूस माझ्याकडे नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी हेच लेटरहेडवर लिहून दिलं, शिक्क्यासकट. अण्णांचं नाव लाल पेनाने खोडलं गेलं आणि बाकीच्या तीन सोसायट्यांच्या वॉचमननी ते आपापल्या रजिस्टरमध्ये खोडून घेतलं. सोसायट्यांमध्ये एवढी एकजूट पाण्याच्या प्रश्नावर मी कधी पाहिली नाही.

आता हे शेठ कोण ते सांगायला हवं. आडनाव चांगलं मराठी होतं, पण लायसन मिळालं की माणूस आपोआप शेठ होतो. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. घरात विजेचा नवीन मीटर घ्यायचा असेल किंवा लोड वाढवायचा असेल, तर वायरिंग ठीक आहे असा एक टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो. त्यावर लायसन असलेल्या कॉन्ट्रॅक्टरची सही लागते आणि काम परवाना असलेल्या वायरमनने केलं असं नाव-नंबरासकट लिहावं लागतं. नियम चांगला आहे. वीज कुणाचं तोंड बघून सोडत नाही. फक्त आमच्याकडे नियम असा पाळला जायचा: काम अण्णा करत, वायरमन म्हणून शेठच्या मेहुण्याचं नाव पडे, आणि खाली शेठची सही. मेहुणा पालघरला किराणा दुकान चालवायचा. त्याने आयुष्यात फार तर दुकानातला बल्ब बदलला असेल. पण परवाना त्याच्याकडे होता, आणि कागदावर मुलुंड ते भांडुप अर्ध्या घरांचं वायरिंग त्याने केलेलं आहे.

सात महिन्यांनी शेठचा निरोप आला. काम तुंबलंय, ये. अण्णा गेले. शर्टाला इस्त्री करून गेले, याचा मला जास्त राग आला.

"अण्णा, त्यानं तुम्हाला ओळख दाखवली नाही."

"प्रज्ञे, आता दाखवली ना. तुझी फी भरायचीय."

तर ती फी भरली गेली आणि मी बी.ए. झाले. राज्यशास्त्र, दुसरा वर्ग. आमच्या घराण्यात पहिली. पदवीचं सर्टिफिकेट आईने बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोशेजारी लावलं आणि मी नोकरी शोधायला निघाले. वर्षभर फिरल्यावर कळलं की राज्यशास्त्राने राज्य मिळत नाही, टायपिंग येत असेल तर टेबल मिळतं. घाटकोपर स्टेशनबाहेरच्या गल्लीत एका झेरॉक्सच्या दुकानात मला अर्धं टेबल मिळालं. उरलेल्या अर्ध्यावर लॅमिनेशनचं मशीन होतं. तिथे मी वीस वर्षं एकच काम केलं: हाताने काम करणाऱ्या माणसांना कागदावर आणायचं.

वायरमनचा परवाना, प्लंबरचं लायसन, दुकानाचं गुमास्ता लायसन, उद्यम नोंदणी, पोलीस व्हेरिफिकेशन, सोसायटीचं ओळखपत्र. प्रत्येक कागदासाठी दुसरा एक कागद लागतो, आणि तो दुसरा कागद मिळवायला पहिला. हे एकदा डोक्यात बसलं की काम सोपं आहे. माझी पदवी मला या अर्ध्या टेबलावर कुणी कधी विचारली नाही. मी मात्र पाटीवर लिहून ठेवलं होतं, 'प्र. वाघमारे, बी.ए.' लोकांना वाटायचं ती कसलीतरी परवानगी आहे, आणि ते मान देऊन बोलायचे. मी तो गैरसमज दूर केला नाही.

एक गिऱ्हाईक मी विसरणार नाही. परबकाका, मूळचे मालवणकडचे, बोरिवलीला राहायचे. मुळात ते हरकामे होते: सुतारकाम, नळ, वायरी, जाळ्या, टाइल्स, सगळं. आता सरकारी फॉर्मच्या यादीत सुतार आहे, प्लंबर आहे, रंगारी आहे. सगळं येणारा माणूस यादीत नाही. त्याला काहीच येत नाही असं धरलेलं आहे.

"काका, एक निवडा. व्यवसाय काय लिहू?"

"माका सगळाच येता गे बाय. एकच लिवक काय मी अर्धो माणूस?"

शेवटी आम्ही 'प्लंबर' लिहिलं. आठ दिवसांत काका परत. ते कामाला जायचे त्या सोसायटीच्या गेटवर नवीन अ‍ॅप आलं होतं. प्लंबर म्हणून नोंद झालेल्या माणसाला सिक्युरिटी ड्रिल मशीन आत नेऊ देईना. मग आम्ही गेटच्या त्या अ‍ॅपवर त्यांच्या आणखी दोन नोंदी केल्या, सुतार आणि वायरमन, आणि मी तीन कार्डं लॅमिनेट करून दिली. त्यानंतर काका एकाच घरात सकाळी प्लंबर म्हणून जायचे, नळ बसवून खाली यायचे, कार्ड बदलायचे, सुतार म्हणून वर जायचे, कपाट बसवून खाली यायचे, आणि तिसऱ्यांदा पंख्यासाठी. सहावा मजला. सिक्युरिटीवाला तिन्ही वेळा त्यांचा फोटो काढायचा आणि तिन्ही वेळा विचारायचा, "पहिल्यांदा आलात का?"

"मी त्याका सांगितलंय," काका म्हणाले, "सकाळी इल्लो तो माझो भाऊ."

सोसायटीची सुरक्षा अशी चोख होती.

हसण्यावारी नेण्यासारखी अशी बरीच माणसं आली. पण एक गोष्ट मी हसण्यावारी नेत होते आणि ती नेण्यासारखी नव्हती. वायरमनच्या परीक्षेला अनुभवावर बसायचं तर लायसनवाल्या कॉन्ट्रॅक्टरचा दाखला लागतो. त्याचा मजकूर माझ्या कॉम्प्युटरवर तयारच असायचा: 'सदर इसमाने माझ्या हाताखाली अमुक वर्षे समाधानकारक काम केले आहे.' नाव आणि वर्षं बदलायची, प्रिंट काढायची. त्यातला कोण खरंच कुणाच्या हाताखाली होता ते मी विचारत नव्हते. ज्याला सही मिळाली तो हाताखाली होता. ज्याला मिळाली नाही तो अण्णांसारखा.

अण्णांना मी कितीदा म्हटलं, अर्ज करू. ते म्हणायचे, "दाखला कोण देणार? ज्यानं मी त्याचा माणूस नाही असं लिहून दिलंय तो?" आणि विषय संपायचा. तरी रोज सकाळी ते त्याच माणसाच्या कामावर जायचे. साठी आली. चाळीस वर्षं ज्या माणसाने वायरी ओढल्या, त्याच्या नावावर मुंबईत एक स्विचसुद्धा नव्हता.

मग सगळं ऑनलाइन झालं आणि देवदूतासारखे शेठ माझ्या टेबलासमोर उभे राहिले.

मला ओळखलं नाही त्यांनी. ओळखायचं कारण नव्हतं. लायसनचं नूतनीकरण करायचं होतं, आणि मोबाईलवर आलेला ओटीपी ते कागदावर लिहून घेईपर्यंत त्याची मुदत संपत होती.

"मॅडम, हे काय चाललंय? पूर्वी एक माणूस जाऊन करून आणायचा."

"आता तुम्हीच तो माणूस, शेठ. बसा."

फॉर्म भरत आम्ही 'कामावरील परवानाधारक वायरमन' या रकान्याशी आलो. मी विचारलं, "नाव आणि परवाना नंबर?"

शेठनी मेहुण्याचं नाव सांगितलं. नंबर टाकला. स्क्रीनवर लाल अक्षरं आली.

"हे परवानाधारक हयात आहेत ना?" मी विचारलं.

शेठ इकडेतिकडे बघू लागले. मेहुणा दोन वर्षांपूर्वी वारला होता. मी त्यांना आठवण करून दिली की त्यानंतरही मेहुण्यांनी भांडुपला चार घरांचं वायरिंग केलंय, कारण रिपोर्ट माझ्याच इथे झेरॉक्स झाले होते. मेल्यावर इतक्या निष्ठेने काम करणारा माणूस मिळणं कठीण.

"आता काय करायचं?" शेठचा आवाज एकदम मऊ झाला.

तेव्हा मी पाटीवरच्या आडनावाकडे बोट दाखवलं. मग वडिलांचं नाव सांगितलं. शेठनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. चष्म्यात काही दोष नव्हता.

"अरे, तू त्याची पोरगी? आपलाच माणूस आहे तो!"

"लिहून द्या."

"म्हणजे?"

"आपलाच माणूस आहे असं लिहून द्या. वीस वर्षांचा अनुभव. ते परीक्षा देतील, परवाना मिळेल, मग तुम्ही या रकान्यात त्यांचं नाव टाका. तोवर मुदतवाढीचा अर्ज करू."

"पण त्या वेळी मी त्या सोसायटीला लिहून दिलं होतं की..."

"शेठ, तुम्ही सही केलेलं कुणी वाचत असतं तर तुमचं लायसन केव्हाच गेलं असतं."

त्यांनी सही केली. मी शिक्का नीट उमटला की नाही ते बघून घेतलं. आपण फार हुशार आहोत असं त्या दिवशी मला वाटलं. ते वाटणं सहा महिने टिकलं.

सहा महिन्यांनी परीक्षा आली, तोंडी आणि प्रात्यक्षिक. मी बाहेर बाकावर बसले होते. अण्णा वीस मिनिटांत बाहेर आले, खुशीत.

"काय विचारलं?"

"अर्थिंग विचारलं, सगळं सांगितलं. मग एकानं विचारलं, वायरीत करंट आहे का नाही कसं बघता?"

"तुम्ही काय सांगितलं?"

"बोटाच्या मागच्या बाजूनं टेकवून."

"अण्णा!"

"अगं, पुढच्या बाजूनं धरलं तर मूठ आवळते, सुटत नाही. मागून टेकवलं की हात झटक्यानं बाजूला होतो. त्यांना समजावून सांगितलं मी. एकानं विचारलं, टेस्टर नसतो का? म्हटलं, असतो की खिशात. पण त्याचा दिवा गेला तर तो खोटं बोलतो, बोट खोटं बोलत नाही. तिघं एकमेकांकडं बघायलाच लागले. आवडलं त्यांना."

त्यांना इतकं आवडलं की त्यांनी नापास केलं.

"खरं कशाला सांगत बसलात?" मी घरी चिडून म्हणाले.

"त्यांनी विचारलं म्हणून," अण्णा म्हणाले.

पुढचे सहा महिने मी त्यांना शिकवायला बसवलं. बी.ए. राज्यशास्त्र मुलगी चाळीस वर्षं वायरी ओढलेल्या माणसाला करंट कसा बघायचा ते पुस्तकातून वाचून दाखवतेय आणि आई हसू दाबत पोळ्या लाटतेय. पुस्तकात लिहिलं होतं: टेस्टर आधी चालू पॉइंटला लावून तो पेटतो का पाहा, मग हव्या त्या वायरीला लावा, मग पुन्हा चालू पॉइंटला.

अण्णांनी मला थांबवलं. "परत वाच."

मी परत वाचलं.

"म्हणजे आधी टेस्टरचीच परीक्षा घ्यायची." ते बराच वेळ आपल्या उजव्या हाताच्या बोटांकडे बघत होते. "हे बरंय की. हे मला कुणी सांगितलंच नाही."

मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की सगळेच नियम काही आम्हाला अडवायला लिहिलेले नसतात. काही नियम जीव वाचवायला लिहिलेले असतात आणि जे आपला जीव धोक्यात घालून काम करतात त्यांच्यापर्यंत ते पोचत नाहीत, कारण मधे परवानाधारक उभा असतो. अण्णांसोबत काम करणारे दोघे विजेने गेले होते. त्यांचं नावही कुठल्या रिपोर्टात नव्हतं, त्यामुळे कागदोपत्री कुणालाच काही झालेलं नाही.

दुसऱ्या खेपेला अण्णा पास झाले. एकसष्टावं वर्ष चालू होतं. परवान्यावरचा फोटो बघून आई म्हणाली, "चोरासारखे दिसताय." अण्णा म्हणाले, "सरकारनं बघून घेतलंय. चोर नाही."

त्याच आठवड्यात शेठ आमच्या घरी पेढे घेऊन आले. टेकडीच्या पायऱ्या चढून आल्यामुळे धापा टाकत होते. आयुष्यात पहिल्यांदा ते अण्णांना 'अण्णासाहेब' म्हणाले.

"अण्णासाहेब, आता आपलं नाव टाकायचं माझ्या लायसनवर. पोरीशी बोलणं झालंय."

"मला काय करायचं?"

"काही नाही! आता घरी बसा, आराम करा. नुसतं नाव. दर महिन्याला मी बघेन तुमचं."

"आणि काम कोण करणार?"

"आहेत की माझ्याकडे माणसं."

"मग त्यांची नावं टाका."

"त्यांच्याकडे परवाना कुठाय?"

"म्हणजे मेहुण्याच्या जागी मी," अण्णा म्हणाले. "आणि माझ्या जागी ती माणसं. एखाद्या घरात सॉकेट जळलं तर तेव्हा ती तुमची माणसं असतील की नसतील, शेठ?"

शेठनी माझ्याकडे पाहिलं. अण्णांनीही पाहिलं.

"प्रज्ञे, तू ह्यांना शब्द दिला होतास?"

मी होय म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मी सौदा केला होता, आणि सौदा करताना एकदाही मनात आलं नव्हतं की मी शेठच्या रकान्यात माझ्या बापाचं नुसतं नाव भरतेय. वीस वर्षं रकाने भरून हात इतका सरावला होता. त्या क्षणी मला पाटीवरचं 'बी.ए.' खोडून टाकावंसं वाटलं.

अण्णा शेठना म्हणाले, "नाव टाका. पण जिथं माझं नाव लिहाल तिथं काम मी करणार. बरोबरची माणसं माझ्यासमोर काम करणार. आणि सही करायच्या आधी तुम्ही येऊन बघायचं."

"मी? साइटवर?"

"लायसन तुमचंय ना?"

"अहो, चौथा मजला असला, लिफ्ट नसली तर?"

"मी चढतो की."

शेठ पेढे तसेच ठेवून रागाने उतरले. जाताना मला म्हणाले, "शिकलीस तू, पण व्यवहार शिकली नाहीस." आठ दिवस त्यांचा फोन नाही. अण्णा कामावर गेले नाहीत, आणि यावेळी निरोपाची वाटही बघत नव्हते. मी मनात धरून चालले होते की परवाना फ्रेम करून भिंतीवर लावावा लागणार. नवव्या दिवशी मुदतवाढ संपत आली तसे शेठ माझ्या टेबलावर आले आणि मोबाईल पुढे केला. ओटीपी आला होता.

पहिलं काम घाटकोपरलाच निघालं. जुनी इमारत, चौथा मजला, लिफ्ट अर्थातच नाही. अण्णांनी दोन दिवस काम केलं, तिसऱ्या दिवशी शेठ तपासायला आले. कागदपत्रं माझ्याकडे होती म्हणून मीही होते. शेठनी आधी खुर्ची मागितली, मग पाणी, मग वर बोर्डाकडे पाहिलं.

"हे काय बसवलंय?" त्यांनी एका स्विचकडे बोट दाखवलं.

"कुठं करंट गळला तर हा आपोआप बंद होतो," अण्णा म्हणाले. "गेली कित्येक वर्षं बसवतोय आपण, शेठ. तुमच्याच सहीनं."

शेठनी शेवटचा बोर्ड बघितला तेव्हा चिनी मातीचे फ्यूज होते. अण्णांनी त्यांना एकेक वायर दाखवली. अर्थिंग दाखवलं. शेठ मान हलवत होते, आणि मला शपथेवर सांगता येईल की दहा मिनिटांनी ते खरोखर ऐकायला लागले होते. एक-दोन प्रश्नही बरे विचारले.

तेवढ्यात त्या सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. "काम कोणी केलं? वायरमन कोण?"

"हे," शेठ म्हणाले. "माझ्याकडचे."

अण्णा वळले नाहीत. ते टेस्टर चालू पॉइंटला लावून बघत होते.

त्यानंतर मी दाखला टाइप करण्याआधी विचारते, साइट कुठली, शेवटचं काम कुठे केलंत. काही जण उठून गल्लीतल्या पलीकडच्या टेबलावर जातात. तिथे काही विचारत नाहीत आणि लॅमिनेशन फुकट आहे. जावं. शेठ वर्षभर जिने चढले, मग गुडघ्यांचं कारण सांगून लायसन परत केलं. दुसऱ्या एका कॉन्ट्रॅक्टरने अण्णांना त्याच अटीवर घेतलं. तो तरुण आहे, चढतो.

अण्णा आता सहासष्ट वर्षांचे आहेत आणि काम थांबवलंय. एकसष्टाव्या वर्षी त्यांना परवाना मिळाला. त्यानंतरची चार वर्षं त्यांनी जी जी वायर ओढली, तिच्या रिपोर्टवर वायरमन म्हणून त्यांचंच नाव आहे.